आजीच्या तीन गोळ्या आणि लसावि

“मामा, पटकन सांग. इथे एलसीएम काढायचा की एचसीएफ?”

माझी भाची सहावीत आहे, इथेच बडोद्यात, इंग्रजी माध्यमाच्या शाळेत. परीक्षा जवळ आली की रात्री नऊच्या सुमारास तिचा फोन येतो आणि प्रश्न बहुतेक वेळा हाच असतो. गंमत म्हणजे दोन्ही काढायला तिला झकास येतं. १२ आणि १८ सांगितले, तर मी कागद घेईपर्यंत तिचं उत्तर तयार असतं. घोडं अडतं ते त्याच्या आधी. चार ओळींचं शाब्दिक उदाहरण वाचायचं आणि त्यात नक्की काय विचारलंय ते ओळखायचं, इथे ती अडखळते. मग अंदाजाने काहीतरी एक काढून मोकळी होते.

खरं सांगायचं तर यात माझाही हात आहे. घाईघाईत मी तिला एक युक्ती शिकवली होती. ‘कमीत कमी’ किंवा ‘लहानात लहान’ असे शब्द दिसले की एलसीएम, ‘जास्तीत जास्त’ किंवा ‘मोठ्यात मोठा’ दिसले की एचसीएफ. पुढच्या चाचणीत तिला दहापैकी चार मिळाले. घरी आली, वही मिटली आणि म्हणाली, “मला गणित येतच नाही.” सहावीतली मुलगी असं म्हणते तेव्हा ते फार लागतं. त्यातून चूक तिची नव्हती, माझ्या युक्तीची होती. हा लेख म्हणजे ती युक्ती जाहीरपणे मागे घेणं आहे.

नावातच अर्ध उत्तर

आपल्यासारख्या घरांत या एकाच गोष्टीला किती नावं असतात बघा. आजी मराठी शाळेत शिकली, म्हणून ती म्हणते लसावि, म्हणजे लघुत्तम साधारण विभाज्य. शेजारचा मुलगा गुजराती माध्यमात आहे. त्याचा लसाअ, म्हणजे लघुत्तम सामान्य अवयवी. भाचीचा एलसीएम. इंदूर-ग्वाल्हेरकडची आपली मुलं हिंदीतून लघुत्तम समापवर्त्य शिकतात. बेळगावात कन्नड माध्यमात गेलात तर तिथेही लसाअच भेटेल, फक्त तिथला ‘अ’ अपवर्त्याचा. हैदराबादला तेलुगू पुस्तकात त्याचा कसागु होतो, कनिष्ठ सामान्य गुणिजम. एकाच माणसाला काका, मामा आणि भाऊजी म्हणणारे निरनिराळे लोक असावेत, तसा हा प्रकार.

यातलं मराठी नाव मात्र जरा थांबून वाचण्यासारखं आहे. विभाज्य म्हणजे ज्याला भाग जातो ते. विभाजक म्हणजे जो भाग देतो तो. साधारण म्हणजे सामाईक, दोन घरांत मिळून एक भिंत असते तसं. ४ आणि ६ यांचा साधारण विभाज्य म्हणजे ज्या संख्येला ४ नेही भाग जातो आणि ६ नेही. १२, २४, ३६ अशा त्या कितीही आहेत. त्यांतली सगळ्यांत लहान १२, म्हणून ती लघुत्तम. उलट मसावि, म्हणजे महत्तम साधारण विभाजक, दोघांनाही भाग देणाऱ्या संख्यांत सगळ्यांत मोठा. ४ आणि ६ यांच्यासाठी तो २.

मुलं नेमकी इथेच फसतात. ‘लघुत्तम’ म्हटलेलं उत्तर दिलेल्या संख्यांपेक्षा मोठं येतं (फार तर त्यांतल्या मोठ्या संख्येएवढं) आणि ‘महत्तम’ म्हटलेलं लहान. पहिल्या शब्दावर लक्ष ठेवलं की गोंधळ होतो. लक्ष शेवटच्या शब्दावर हवं. विभाज्य की विभाजक?

जाता जाता एक सांगतो. ही कल्पना आपल्या दख्खनच्या मातीत फार जुनी आहे. इ.स. ८५० च्या सुमारास महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ हा ग्रंथ लिहिला. तो काळ राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाचा. त्याची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातलं मळखेड. निरनिराळ्या छेदांचे अपूर्णांक मिळवताना छेदांचा लसावि घ्यावा, म्हणजे काम थोडक्यात होतं, असं त्या ग्रंथात आहे. लसाविला त्यांनी दिलेलं नाव ‘निरुद्ध’. तर आपल्या यादीत हे आणखी एक.

युक्ती का फसली?

चाचणीतलं पहिलं चुकलेलं उदाहरण असं होतं. एक खोली ४२० सेंटिमीटर लांब आणि ३०० सेंटिमीटर रुंद आहे. सारख्या मापाच्या चौरस फरश्या न तोडता बसवायच्या, तर कमीत कमी किती फरश्या लागतील?

‘कमीत कमी’ दिसलं, भाचीने ४२० आणि ३०० चा लसावि काढला. तो २१०० येतो. म्हणजे २१ मीटर! आता एवढी फरशी त्या खोलीत कशी मावणार? फरश्या कमी लागायला हव्यात, तर प्रत्येक फरशी मोठी हवी. ती लांबीतही बरोबर बसली पाहिजे आणि रुंदीतही, म्हणजे तिच्या बाजूने दोन्ही मापांना भाग गेला पाहिजे. म्हणून हा मसावि, ६० सेंटिमीटर. लांबीत ७ फरश्या, रुंदीत ५, एकूण ३५.

दुसरं उदाहरण याच्या बरोबर उलट. १२, १५ आणि १८ या तिन्ही संख्यांनी भाग जाणारी चार अंकी मोठ्यात मोठी संख्या कोणती? ‘मोठ्यात मोठी’ दिसलं, तिने मसावि काढला, ३. तो चार अंकी नाही, म्हणून पुढे कोरी जागा. इथे हवा लसावि. तो १८०. तिन्हींनी भाग जाणारी प्रत्येक संख्या १८० च्या पाढ्यातच असते. ९९९९ पर्यंत १८० पंचावन्न वेळा बसतो, १८० × ५५ = ९९००. हे उत्तर.

म्हणून आता आमच्याकडे शब्द शोधणं बंद आहे. पेन उचलण्याआधी एकच प्रश्न विचारायचा. यात एखादी गोष्ट टप्प्याटप्प्याने पुढे जाते आहे, की असलेली गोष्ट सारख्या भागांत वाटली जाते आहे? घंटा वाजत राहतात, बस सुटत राहतात, रांगा भरत जातात, तर विभाज्य. फरशी, दोरी, कापड, प्रसाद यांचे भाग पडतात, तर विभाजक. आणि ताळा म्हणून दुसरा प्रश्न, उत्तर दिलेल्या संख्यांपेक्षा मोठं यायला हवं की लहान? खोलीपेक्षा मोठी फरशी आली तर थांबा.

गणपतीतली दोन उदाहरणं

बडोद्यात राहून गणपतीचं उदाहरण दिलं नाही तर कसं चालेल? मंडपात दिव्यांच्या तीन माळा आहेत. एक दर ४ सेकंदांनी लुकलुकते, दुसरी दर ६ आणि तिसरी दर १० सेकंदांनी. संध्याकाळी सातला तिन्ही एकदम लुकलुकल्या. साडेसातपर्यंत त्या एकूण किती वेळा एकदम लुकलुकतील?

४ म्हणजे २ × २, ६ म्हणजे २ × ३, १० म्हणजे २ × ५. तिघांनाही पुरेल अशी संख्या बांधायची. ४ साठी दोन वेळा २ लागतात. तेवढ्यात ६ आणि १० यांचे २ भागून जातात. ६ साठी एक ३ वाढवायचा आणि १० साठी एक ५. झाले २ × २ × ३ × ५ = ६०. म्हणजे दर मिनिटाला. अर्ध्या तासात ३० वेळा ना?

नाही, ३१ वेळा. सातच्या ठोक्याला झालेली पहिली वेळही मोजायची. प्रश्नात ‘सात वाजल्यानंतर’ असतं, तर ३०. लसावि बरोबर येऊनही गुण जातात ते असे.

इथे एक सावधगिरी. दोन संख्यांचा गुणाकार करून त्याला मसाविने भागलं की लसावि मिळतो, हे सूत्र फक्त दोन संख्यांपुरतं आहे. ४ × ६ × १० = २४० आणि मसावि २, म्हणून उत्तर १२०, असं केलंत तर चुकलं.

दुसरं उदाहरण लेझीम पथकाचं. मुलांना चार-चारच्या रांगांत उभं केलं तर ३ मुलं उरतात. पाच-पाचच्या रांगांत ३ उरतात, सहा-सहाच्या रांगांतही ३. सात-सातच्या रांगा केल्या तर मात्र एकही उरत नाही. पथकात कमीत कमी किती मुलं?

उरलेल्या तिघांना क्षणभर बाजूला बसवा. आता ४, ५, ६ तिन्हींनी पूर्ण भाग जातो, म्हणजे ६०, १२०, १८० अशी संख्या. त्या तिघांना परत बोलवा, ६३, १२३, १८३. यांतल्या पहिल्याच संख्येला ७ ने भाग जातो. ६३ मुलं.

आता थोडा बदल. चारच्या रांगांत ३ उरतात, पाचच्या रांगांत ४ आणि सहाच्या रांगांत ५. बाक्या वेगवेगळ्या दिसल्या की मुलं हात टेकतात. पण नीट बघा, प्रत्येक वेळी रांग पूर्ण व्हायला एकच मुलगा कमी आहे. बाहेरून एकाला बोलवा, झाले ६०. म्हणजे पथकात कमीत कमी ५९.

आजीच्या गोळ्या

इथवर सगळं वहीतलं झालं. पुढची गोष्ट आमच्या घरातली आहे.

मागच्या वर्षी आईला, म्हणजे भाचीच्या आजीला, तीन नवीन गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टर गुजराती. त्यांनी आजीला गुजरातीत समजावलं आणि आजीने मला मराठीत सांगितलं, “पांढरी दिवसाआड, पिवळी दोन दिवसांआड आणि मोठी आठवड्यातून एकदा, रविवारी. ज्या दिवशी पांढरी आणि पिवळी दोन्ही येतील त्या दिवशी एक सकाळी, एक रात्री.” मी लगेच फोनवर गजर लावून दिले. पांढरी दर दोन दिवसांनी. पिवळी ‘दोन दिवसांआड’, म्हणून तीही दर दोन दिवसांनी.

तुमच्या लक्षात आलं का? माझ्या आलं नाही. दिवसाआड म्हणजे एक दिवस मध्ये सोडून, दर दुसऱ्या दिवशी. दोन दिवसांआड म्हणजे दोन दिवस मध्ये सोडून, दर तिसऱ्या दिवशी. मी ‘दोन’ हा आकडा ऐकला आणि वाक्य ऐकलंच नाही. भाची चाचणीत जे करत होती, तेच मी केलं.

तेराव्या दिवशी आजी म्हणाली, “अरे, पिवळ्या गोळ्यांची दहाची स्ट्रिप महिनाभर पुरायला हवी. माझ्याकडे तीनच उरल्या.” बरोबर हिशोबाने गोळ्या पहिल्या, चौथ्या, सातव्या, दहाव्या आणि तेराव्या दिवशी, म्हणजे पाच जायला हव्या होत्या. गेल्या होत्या सात. लगेच डॉक्टरांना फोन केला. त्यांनी सगळं विचारून घेतलं, पुढची गोळी कधी घ्यायची ते सांगितलं. आजीला काही त्रास झाला नाही, पण त्या रात्री मला झोप लागली नाही. शाळेत वाक्य चुकीचं वाचलं तर दोन गुण जातात. घरात वाचलं तर ते कुणाच्या तरी पोटात जातं.

दुसऱ्या दिवशी भाचीला बोलावलं आणि भिंतीवरची दिनदर्शिका तिच्या हातात दिली. म्हटलं, आता हे तू कर. तिने पांढऱ्या गोळीला गोल काढले, पिवळीला चौकोन आणि रविवारच्या गोळीला फुली. गोल आणि चौकोन एकत्र आले दर सहाव्या दिवशी, कारण २ आणि ३ चा लसावि ६. त्या दिवसांखाली तिने ‘सकाळ-रात्र’ असं लिहिलं. तिन्ही खुणा एका दिवशी येणार होत्या दर ४२ दिवसांनी, २, ३ आणि ७ चा लसावि. बरोबर सहा आठवडे, आणि वारही अर्थातच रविवार. हे कुणी तिला शिकवलं नव्हतं, लसावि की मसावि हा प्रश्नही तिला पडला नाही. दिवस पुढे चालले होते, एवढं तिला दिसत होतं.

मग तिने एक फार चांगला प्रश्न विचारला. “मामा, पिवळी गोळी एक दिवस उशिरा सुरू केली असती तर? मग दोन्ही एका दिवशी कधीच आल्या नसत्या ना?”

कधीच न भेटणारे

या प्रश्नाचं उत्तर मला ऑफिसमुळे ठाऊक होतं. एका जुन्या नोकरीत आमच्या सर्व्हरवर तीन छोटे प्रोग्राम आपापल्या वेळी चालायचे, एक दर ४५ सेकंदांनी, दुसरा दर ६० आणि तिसरा दर ७५ सेकंदांनी. एकेकटा चालला तर कुणाला कळायचंही नाही. पण दर पंधरा मिनिटांनी सगळं काही क्षण अडकायचं आणि ग्राहकांच्या तक्रारी यायच्या. दोन दिवस आम्ही भलतीकडेच शोधत होतो. मग एकाने कागदावर ४५, ६० आणि ७५ चा लसावि काढला. ९०० सेकंद. पंधरा मिनिटं. तिन्ही प्रोग्राम एकाच क्षणी जागे होत होते.

उपाय सोपा निघाला. या तिन्ही संख्यांना १५ ने भाग जातो. पहिला प्रोग्राम शून्य सेकंदाला सुरू केला, तर त्याच्या प्रत्येक वेळेला १५ ने भागल्यावर बाकी ० येते. दुसरा ५ सेकंद उशिरा सुरू केला, त्याची बाकी नेहमी ५. तिसरा १० सेकंद उशिरा, त्याची बाकी नेहमी १०. बाक्याच वेगळ्या, मग वेळा जुळणार कशा? ते आता कधीच एकत्र येत नाहीत.

म्हणजे कुणाला भेटवायचं असेल तर लसावि बघायचा आणि भेट टाळायची असेल तर मसावि. आजीच्या गोळ्यांत मात्र २ आणि ३ यांचा साधारण विभाजक फक्त १. तिथे ही सोय नाही. पिवळी एक दिवस उशिरा सुरू केली असती, तर दुसऱ्या, पाचव्या, आठव्या, अकराव्या दिवशी आली असती. पांढरी पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या दिवशी. पाचव्या दिवशी भेट झालीच, पुढे अकराव्या दिवशी परत. सहाचा फेरा काही सुटत नाही. भाचीने दिनदर्शिकेवर मोजून पाहिलं आणि मगच विश्वास ठेवला. हे मला आवडलं.

शहात्तरावा वाढदिवस

शेवटचं उदाहरण आजीनेच दिलं. तिचा वाढदिवस आम्ही तिथीने करतो, कागदपत्रांत मात्र तारीख. दोन्ही एका दिवशी कधी येणार?

चांद्रमासाचे सरासरी दिवस साधारण २९.५३ आणि वर्षाचे ३६५.२४. बारा चांद्रमासांचे ३५४ दिवस होतात, म्हणून तिथी दर वर्षी सुमारे अकरा दिवस मागे सरकते आणि अधिक महिना आला की पुढे येते. या आकड्यांचा नेमका लसावि निघत नाही, पण जवळजवळ जुळणारी एक जागा सापडते. १९ वर्षांत २३५ चांद्रमास बसतात, १९ × १२ = २२८ आणि वर सात अधिक महिने. फरक राहतो तो जेमतेम दोन तासांचा. म्हणून आपल्या जन्माची तिथी आणि तारीख १९ व्या, ३८ व्या, ५७ व्या वाढदिवसाला त्याच दिवशी, किंवा एखाद्या दिवसाच्या फरकाने, पुन्हा एकत्र येतात. तुमचं वय एकोणीसच्या आसपास असेल तर पंचांग काढून बघाच.

यंदा आजीला ७६ पूर्ण होतात. चार वेळा एकोणीस. भाचीने आतापासून घरात जाहीर केलंय, “या वर्षी दोन केक नाहीत, एकच.”

परवा तिची पुन्हा चाचणी झाली. दहापैकी आठ. एक उदाहरण चुकलं, दिव्यांच्या माळांसारखंच, पहिली वेळ मोजायची राहिली. पण या वेळी वही मिटली नाही. चूक कुठे झाली ते तिने स्वतः मला दाखवलं.

आता तुमच्यासाठी दोन. बाबांना दर सहाव्या दिवशी सुट्टी असते आणि आईला दर आठव्या दिवशी. आज रविवारी दोघंही घरी आहेत. पुन्हा दोघं एकत्र घरी कधी, आणि तो वार कोणता? पुन्हा रविवारीच एकत्र सुट्टी यायला किती दिवस लागतील? दुसरं, प्रसादाचे ९६ मोदक आणि ७२ पेढे आहेत. काहीही न उरता जास्तीत जास्त किती सारखी पाकिटं होतील आणि प्रत्येकात काय काय येईल?

उत्तरं अशी. २४ दिवसांनी, बुधवारी. रविवारी यायला १६८ दिवस. पाकिटं २४, प्रत्येकात ४ मोदक आणि ३ पेढे. घरातल्या सहावी-सातवीतल्या मुलांना उत्तर विचारू नका. आधी एवढंच विचारा, “गोष्ट पुढे चालली आहे की वाटली जाते आहे?”